शब्द नाहीसे झालेले गाणे : ओबो, पियानो आणि १९३९ चे ब्रनो

१/ ओबो आणि पियानो या दोनच वाद्यांसाठी लिहिलेली एक रचना आहे. तीन भाग, वाजवण्यास सुमारे पंधरा मिनिटे. वर्ष १९३९, शहर मोराव्हियातील ब्रनो, रचनाकार पावेल हास, वय चाळीस. मैफलीत ही रचना ऐकताना असा भास होतो की कोणाच्या तरी तोंडावर हात ठेवला आहे आणि तरीही तो माणूस बोलायचा थांबत नाही. हा भास निराधार नाही. या रचनेला एके काळी शब्द होते आणि ते जाणीवपूर्वक नष्ट केले गेले, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. आजचा धागा त्या हरवलेल्या शब्दांविषयी.

२/ आरंभ वाद्यापासून करू. ओबो म्हणजे आपल्या सनईचा युरोपीय भाऊबंद. दोन्हींत दुहेरी पत्ती असते, दोन्हींची नळी तोंडाकडून खाली रुंदावत जाते. मध्ययुगीन युरोपातील खड्या आवाजाच्या, उघड्यावर वाजवायच्या वाद्यांना सतराव्या शतकात फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारी वादकांनी आणि कारागिरांनी नवे रूप दिले. आवाज मवाळ झाला, स्वर काटेकोर झाले आणि वाद्य मैदानातून दालनात आले. पुढे त्यावर चाव्यांची गुंतागुंतीची यंत्रणा बसली. पण स्वराचा उगम तोच राहिला : बोरूच्या जातीच्या गवताच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींना लगटून थरथरणाऱ्या.

३/ ही पत्ती बहुतेक वादक स्वतःच्या हाताने तासतात. ती फार अरुंद असल्याने तिच्यातून हवा अगदी थोडी जाते. त्यामुळे ओबोवादकाची अडचण इतरांच्या उलट असते. बासरीवाल्याचा श्वास संपतो, ओबोवाल्याचा श्वास उरतो. लांब ओळ संपते तेव्हा छातीत वापरून झालेली हवा कोंडलेली असते. ती आधी बाहेर सोडावी लागते, मगच नवा श्वास घेता येतो. ओबोच्या स्वरात जो एक ताण, जी एक व्याकूळता जाणवते, तिच्यामागे हा शारीरिक दाबही आहे.

४/ ओबो आणि पियानोच्या मैफलीत ज्या रचना हमखास वाजतात, त्यांपैकी कित्येकींवर काळाचा ठसा आहे. शुमानचे तीन ‘रोमान्स’ १८४९ चे, युरोपातील फसलेल्या क्रांत्यांच्या काळातील. सँ-सान्सचा सोनाटा १९२१ चा, त्याच्या मृत्यूच्या वर्षातला. हिंडेमिथचा १९३८ चा, तो नाझी जर्मनी सोडून स्वित्झर्लंडला गेला त्या वर्षाचा. पुलँकचा १९६२ चा, प्रोकोफिएव्हच्या स्मृतीस अर्पण केलेला. त्याचा अखेरचा भाग विलापिका आहे आणि तो जाहीरपणे वाजण्यापूर्वी पुलँक स्वतःच वारला. या रांगेत हासचा ‘सूट’ (त्याची सतरावी प्रकाशित-क्रमांकित कृती) उशिरा येऊन बसला.

५/ पावेल हासचा जन्म २१ जून १८९९ रोजी ब्रनो येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा पादत्राणांचा व्यापार होता, आई ओडेसाकडची. ब्रनो हे तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील दुभाषी शहर होते : रस्त्यावर चेक आणि जर्मन दोन्ही भाषा ऐकू येत. पावेलने संगीत निवडले, पण बरीच वर्षे वडिलांच्या दुकानात कामही केले. धाकटा भाऊ ह्यूगो नाटकसिनेमात गेला आणि नामवंत विनोदी नट झाला. ह्यूगोच्या चित्रपटांना पावेलने संगीतही दिले.

६/ १९२० ते १९२२ या काळात हास लेओश यानाचेकचा शिष्य होता. ही गोष्ट आपल्या कथेच्या दृष्टीने कळीची आहे. यानाचेकचा ठाम विश्वास होता की माणसाच्या बोलण्यालाच चाल असते. बाजारातील विक्रेती, गाडीची वाट पाहणारा प्रवासी, रडणारे मूल, यांचे उद्गार ऐकताच तो वही काढून त्यांचे चढउतार स्वरलिपीत टिपून घेई. मृत्युशय्येवरील आपल्या मुलीचे उद्गारही त्याने असेच टिपले होते. या वह्यांतून त्याच्या ऑपेरांची भाषा घडली.

७/ गुरूकडून हासने हेच उचलले : स्वराची ओळ उच्चारातून यावी, तिच्यात बोलणाऱ्याचा श्वास, आघात आणि अडखळणे ऐकू यावे. मात्र तो गुरूची नक्कल करत बसला नाही. १९२५ च्या दुसऱ्या तंतुवाद्य-चौकडीच्या अखेरच्या भागात त्याने चक्क जॅझचा तालवाद्य-संच आणला. चार व्हायोलिनकुळातील वाद्ये आणि ढोलझांजा, हे मिश्रण त्या वेळच्या श्रोत्यांना पचले नाही आणि हासने पुढे ते तालवाद्य काढून टाकले. लोकगीत, ज्यू प्रार्थनास्वर, मोराव्हियन ताल आणि शहरी जॅझ, असा त्याचा पिंड होता.

८/ २ एप्रिल १९३८ रोजी ब्रनोच्या रंगमंचावर हासचा ‘शार्लातान’ हा ऑपेरा आला. गावोगाव फिरणाऱ्या भोंदू वैद्याची ही शोकात्म हसवणूक. तिचे स्वागत उत्तम झाले. पण तारीख पाहा. याच्या तीनच आठवडे आधी हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि ब्रनोपासून ऑस्ट्रियाची सीमा दूर नाही. सप्टेंबरअखेर म्युनिक करार झाला. चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश जर्मनीला देऊन टाकण्यात आला. ज्या देशाचा सौदा झाला, त्याचा प्रतिनिधी बोलणीच्या मेजावर नव्हता.

९/ १५ मार्च १९३९. जर्मन फौजा प्राग आणि ब्रनोत शिरल्या. उरलेल्या चेक भूमीचे ‘बोहेमिया आणि मोराव्हिया संरक्षित राज्य’ असे नामकरण झाले. ज्यू कलावंतांवर बंदी आली : त्यांच्या रचना रंगमंचावरून आणि नभोवाणीवरून बाद झाल्या. वर्षभरापूर्वी ज्याचा ऑपेरा गाजला, त्या माणसाचे नाव आता कार्यक्रमपत्रिकेवर छापता येईना. हासने परदेशी निघून जाण्याची खटपट केली. ती यशस्वी झाली नाही.

१०/ येथे एक समांतर कथा नोंदवायला हवी, कारण ती थेट मुंबईत येते. वॉल्टर कॉफमन हा बोहेमियातील कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार. हासपेक्षा आठ वर्षांनी लहान. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ साली तो बोटीने मुंबईस आला. येथे त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली, नियमित मैफली भरवल्या, पुढे आकाशवाणीत नोकरी केली आणि हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास केला. आकाशवाणीची ती परिचित, पहाटेची ओळखधून सर्वसाधारणपणे त्याच्याच नावावर सांगितली जाते.

११/ दोघेही चेक भूमीवरचे, दोघेही ज्यू, दोघांचेही आयुष्य पाश्चात्त्य अभिजात संगीतात गेलेले. एकाच्या स्वरांनी कोट्यवधी भारतीय घरांत सकाळ उजाडली. दुसऱ्याचे पुढचे पत्ते आपण पाहणारच आहोत. दोघांमध्ये प्रतिभेचे अंतर शोधण्यात अर्थ नाही. अंतर होते ते वेळेचे : एकजण १९३४ मध्ये निघाला, दुसऱ्याने निघायचे ठरवले तेव्हा दारे बंद होत आली होती.

१२/ अशा वर्षी हासने ओबो आणि पियानोसाठी ‘सूट’ लिहिला. तीन भागांवरच्या सूचना अशा : पहिला ‘फुरिओसो’, म्हणजे संतप्त. दुसरा ‘कॉन फुओको’, म्हणजे आगीने, धगीने. तिसरा ‘मोदेरातो’, म्हणजे मध्यम लयीत. ओबोसाठी असे दोन भाग एकापाठोपाठ लिहिणे नवलाचे आहे. हे वाद्य युरोपीय कल्पनेत गुराख्याचे, कुरणांचे, शांत विरहाचे. त्याच्याकडून संताप वदवणे म्हणजे सनईकडून रणशिंगाचे काम घेण्यासारखे.

१३/ आता मुख्य प्रश्न. हासचा विद्यार्थी आणि चरित्रकार लुबोमीर पेदुत्सी याने असे प्रतिपादन केले की ही रचना मुळात ओबोसाठी नव्हतीच. ती गायकासाठी होती, बहुधा पुरुषी तार आवाजासाठी, पियानोच्या साथीने. तिचे शब्द जर्मन सत्तेविरुद्ध होते. ते सापडले असते तर लिहिणाऱ्याचा जीव गेला असता. म्हणून हासने शब्द नष्ट केले आणि गायकाच्या जागी ओबो आणला.

१४/ याला पुरावा काय? शब्दांचा कागद नाही. जे नष्ट करण्यात यश आले, त्याचा कागद कसा सापडणार? पुरावा आहे तो स्वरांच्या ओळीत. ती ओळ ओबोच्या सोयीची नाही. या वाद्याला शोभणाऱ्या चपळ फिरती, लांबलचक नक्षी तिच्यात कमी. उलट एकाच स्वरावर पुनःपुन्हा आघात, लहान तुटक वाक्ये, प्रश्नासारखे वर जाणारे शेवट, आज्ञेसारखे खाली कोसळणारे शेवट. बोलण्याची चाल टिपणाऱ्या गुरूचा हा शिष्य. त्याची ओळ जर बोलण्यासारखी असेल, तर तिच्यामागे बोलणे असावे, असा हा तर्क.

१५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध राहायला हवे. यानाचेकचा शिष्य निव्वळ वाद्यासाठी लिहितानाही बोलल्यासारखेच लिहील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पेदुत्सीचे म्हणणे सिद्ध झालेले सत्य म्हणून नव्हे, तर भक्कम अनुमान म्हणून स्वीकारावे. परंतु या रचनेत असे काही आहे की ज्याला अनुमानाची गरज नाही. तिच्यात दोन जुन्या गीतांच्या चाली विणलेल्या आहेत आणि त्या चाली कोणत्या, हे प्रत्येक चेक श्रोत्याला कळते.

१६/ पहिली चाल संत व्हात्स्लावच्या स्तोत्राची. व्हात्स्लाव हा दहाव्या शतकातील बोहेमियाचा ड्यूक-संत. सख्ख्या भावाच्या कटात मारला गेलेला आणि पुढे साऱ्या चेक भूमीचा रक्षक मानला गेलेला. त्याचे स्तोत्र हे चेक भाषेतील अतिप्राचीन गीतांपैकी एक. त्यातील मागणे साधे आहे : आमचा आणि आमच्या पुढच्या पिढ्यांचा नाश होऊ देऊ नकोस. मार्च १९३९ नंतर या मागण्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

१७/ दुसरी चाल हुस्सवाद्यांच्या युद्धगीताची. धर्मसुधारक यान हुस याला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले. त्याचे अनुयायी शस्त्र घेऊन उभे राहिले आणि एकडोळ्या यान झिझ्काच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांच्या फौजांनी युरोपातील धर्मयुद्धी सेना परतवल्या. १४३१ साली दोमाझ्लित्से येथे शत्रू हे गीत कानी पडताच पळाला, अशी परंपरागत कथा आहे. एकोणिसाव्या शतकात स्मेतानाने हीच चाल ‘मा व्लास्त’ (माझा देश) या आपल्या वाद्यवृंद-मालिकेत वापरली.

१८/ हे तंत्र मराठी वाचकाला लगेच उमगावे. पहाटे देवळाच्या नगारखान्यातून सनईवर ओळखीच्या अभंगाची चाल येते. सनईला शब्द नसतात, पण ऐकणाऱ्याच्या मनात चरणामागून चरण उमटत जातो. शब्द वाद्यात नसून श्रोत्याकडे असतात. हासने नेमके हेच केले. कागदावरचे शब्द जाळता येतात, जप्त करता येतात. एका समाजाच्या स्मरणात आठशे वर्षे मुरलेले शब्द कोणत्या तपासनिसाने जप्त करावेत?

१९/ त्या वर्षीचे वातावरणही ध्यानात घ्यावे. १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला होऊन महायुद्ध सुरू झाले. २८ ऑक्टोबर, चेकोस्लोव्हाक स्वातंत्र्याचा दिवस. प्रागमध्ये निदर्शने झाली, गोळीबार झाला. जखमी झालेला यान ओप्लेताल हा वैद्यकीय विद्यार्थी पुढे मृत्यू पावला. १७ नोव्हेंबरला नाझींनी नऊ विद्यार्थी पुढारी व शिक्षक ठार केले, शेकडो विद्यार्थी छळछावणीत धाडले आणि चेक विद्यापीठे बंद केली. ‘संतप्त’ आणि ‘धगीने’ या सूचना या हवेत लिहिल्या गेल्या.

२०/ आणि तरीही शेवटचा भाग रागाचा नाही. ‘मोदेरातो’ शांतपणे उलगडतो आणि स्तोत्राच्या दिशेने हळूहळू चढत जातो. पियानोच्या भरगच्च स्वरगुच्छांत घंटांचा भास होतो, वर ओबोचा एकटा आवाज. पियानो हा येथे साथीदार म्हणून मागे बसलेला नाही. संपूर्ण रचनेत तो गर्दी होतो, रस्ता होतो, देवळाचा मनोरा होतो. माणसाचा एकच आवाज आणि त्याच्याभोवतीचा काळ, अशी ही वाटणी आहे.

२१/ आता घराकडे वळू. १९३५ साली हासने सोन्या याकोबसन या डॉक्टर स्त्रीशी विवाह केला होता. ती प्रख्यात भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसनची पूर्वपत्नी. १९३७ साली मुलगी झाली, नाव ओल्गा. सोन्या ज्यू नव्हती. ज्यू पुरुषाची पत्नी म्हणून तिचा व्यवसाय धोक्यात होता आणि मुलीचे भवितव्यही. १९४० मध्ये दोघांनी कायदेशीर घटस्फोट घेतला. संसार मोडला तो संसारातील माणसे वाचावीत म्हणून. सोन्या आणि ओल्गा युद्धातून जिवंत राहिल्या.

२२/ हासने याच काळात एक सिंफनी आरंभली. तिच्यातही व्हात्स्लावचे स्तोत्र आहे आणि नाझी पक्षगीताची विडंबित, वेडीवाकडी केलेली चालही आहे. ती पुरी झाली नाही. डिसेंबर १९४१ मध्ये त्याला तेरेझीन येथे नेण्यात आले. अठराव्या शतकातील हे तटबंदीचे गाव ज्यूंसाठी बंदिवास झाले होते : उपासमार, रोगराई आणि पूर्वेकडे मृत्युछावण्यांकडे सुटणाऱ्या गाड्या. तेथे सुरुवातीस हास आजारी आणि खचलेला होता. तरुण पियानोवादक गिडेऑन क्लाइनने हाताने स्वरलिपीच्या रेघा ओढलेले कागद त्याच्यापुढे ठेवले आणि वेळ फुकट घालवू नका असे सांगितले, ही आठवण क्लाइनच्या बहिणीने नोंदवली आहे.

२३/ हास पुन्हा लिहू लागला. त्यातली ‘चिनी कवितांवरील चार गीते’ १९४४ ची, कारेल बेर्मान या गायकासाठी. शब्द बोहुमिल माथेसिउसच्या चेक रूपांतरांतले, विषय घरापासून दूर पडलेल्या माणसाची निद्राहीन रात्र. आणि साथीच्या पियानोत एक चार स्वरांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो. तो तुकडा आहे व्हात्स्लावच्या स्तोत्राचा. ब्रनोत ओबोने जे मागणे मागितले होते, तेच बंदिवासात पियानो मागत होता.

२४/ २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पाहुणे तेरेझीनला आले. त्यांच्यासाठी गाव रंगवून सजवण्यात आले होते. नंतर ‘ज्यूंचे सुखी जीवन’ दाखवणारा प्रचारपट काढण्यात आला. त्यात कारेल आन्चेर्लच्या संचालनाखाली हासची ‘तंतुवाद्यवृंदासाठी अभ्यासिका’ वाजताना दिसते आणि काळ्या पोशाखातील हास श्रोत्यांना अभिवादन करतो. खोट्या चित्रपटात सापडलेले हे खरे संगीत. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, १६ ऑक्टोबरला, हास, आन्चेर्ल, व्हिक्टर उलमन, हान्स क्रासा आणि क्लाइन यांना घेऊन गाडी आउश्वित्झला निघाली. हास तेथे मारला गेला. वय पंचेचाळीस.

२५/ आन्चेर्ल वाचला. युद्धानंतर त्याने ह्यूगोला सांगितलेली हकीकत अशी : निवडीच्या रांगेत दोघे शेजारी होते. मृत्यूचा इशारा आधी आन्चेर्लकडे वळत होता, तेवढ्यात दुबळ्या हासला खोकला आला आणि इशारा त्याच्याकडे वळला. पुढे आन्चेर्ल चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख संचालक झाला. ‘अभ्यासिके’च्या वाद्यप्रती त्यालाच तेरेझीनमध्ये सापडल्या, म्हणून ती कृती आज वाजते. हासने तेरेझीनमध्ये लिहिलेल्यांपैकी थोडेच काही हाती लागले.

२६/ ‘सूट’ मात्र आज जगभरच्या ओबोवादकांच्या मैफलीत आहे. पुष्कळदा पुलँकच्या शेजारी, हिंडेमिथच्या आधी. श्रोत्यांपैकी बहुतेकांना चेक येत नाही, व्हात्स्लाव ठाऊक नसतो. त्यांच्यापर्यंत काय पोहोचते? बोलणाऱ्या माणसाचा सूर पोहोचतो. शब्द कोणते, हे कळत नाही. पण कोणीतरी काहीतरी सांगत आहे आणि ते सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही, एवढे निश्चित कळते.

२७/ इतिहास आपण सहसा कागदांवरून लिहितो : फर्माने, पत्रे, जबान्या. ज्यांना कागद जाळावे लागले, त्यांचा इतिहास कशावरून लिहायचा? कधी ओवीवरून, कधी चालीवरून, कधी एखाद्या वाद्याला न शोभणाऱ्या स्वररचनेवरून. असा पुरावा हलक्या हाताने धरावा लागतो. त्याच्याकडून तो देऊ शकतो त्याहून अधिक वदवून घेऊ नये. पण तो बाजूलाही सारू नये. हासचा ‘सूट’ सवडीने ऐकावा. तिसऱ्या भागात ओबो वर चढू लागेल, तेव्हा त्या स्वरांखालचे जुने मागणे आठवावे : आमचा आणि पुढे येणाऱ्यांचा नाश होऊ देऊ नकोस.

धागा येथे पूर्ण.